तीन प्रती, दोन होकार

लेखमाला : सर्व्हरच्या आतबाहेर – भाग ११

गेल्या आठवड्यात आपण लॉग या रचनेची ओळख करून घेतली. नवी नोंद नेहमी शेवटी जोडायची, जुनी खोडायची नाही आणि प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक द्यायचा, एवढेच तिचे नियम. दुकानातली रोजकीर्द याच शिस्तीने लिहिली जाते. खतावणी फाटली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा मांडता येते. रोजकीर्दच गेली तर मात्र काहीच मांडता येत नाही. म्हणून या भागाचा प्रश्न असा : ही वही एका यंत्रावर न ठेवता अनेक यंत्रांवर कशी ठेवायची आणि तो संच उभा करताना कोणते आकडे विचार करून भरायचे?

उदाहरण अपाची काफ्काचं घेऊ. लिंक्डइन कंपनीत जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी ते घडवलं. २०११ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये अपाची फाउंडेशनचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प बनलं. यांतल्या नारखेडे पुण्यात वाढलेल्या. पीआयसीटीतून अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्या पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्या.

काफ्का लॅपटॉपवर चालू करायला दहा मिनिटं पुरतात. तेवढ्यात चालू व्हावं म्हणूनच त्याच्या डीफॉल्ट सेटिंग्ज बेताच्या ठेवल्या आहेत : नव्या टॉपिकला पार्टिशन एक, प्रतही एक. सोबत येणाऱ्या नमुना फाइलमध्ये तर डेटाची जागा टेम्प फोल्डरखाली दिलेली असते आणि मशीन पुन्हा चालू झालं की कित्येक लिनक्स सिस्टिम हे फोल्डर रिकामं करून टाकतात. शिकण्यासाठी हे उत्तम. पण तीच फाइल कोणी खऱ्या सर्व्हरवर नेऊन ठेवली तरी सगळं सुरळीत चालताना दिसतं, महिनोन् महिने दिसतं. पहिली डिस्क जाते त्या दिवशी कळतं की दुसरी प्रत कधी नव्हतीच.

कॉन्फिगरेशनच्या प्रत्येक ओळीमागे एक निर्णय असतो : अमुक बिघडलं तर काय थांबलेलं चालेल आणि काय गमावलेलं चालणार नाही. हा निर्णय आपण घेतला नाही तर आपल्या वतीने डीफॉल्ट घेतो. आज आपण तीन ब्रोकरांचा, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या तीन सर्व्हरांचा, क्लस्टर कागदावर उभा करू आणि हे निर्णय एकेक करून घेऊ.

आधी कागदावर गणित

समजा, ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीला सेकंदाला सरासरी २,००० घडामोडी नोंदवायच्या आहेत : ऑर्डर आली, पैसे भरले, माल निघाला, पत्ता बदलला. प्रत्येक नोंद साधारण १ केबीची. म्हणजे सेकंदाला २ एमबी, दिवसाला सुमारे १७३ जीबी. काफ्का नोंदी डीफॉल्टने १६८ तास, म्हणजे सात दिवस ठेवतं. त्याचे झाले १.२ टीबी. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती धरल्या तर ३.६ टीबी, आणि तीन ब्रोकर असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला १.२ टीबी. डिस्क साठ टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही असं ठरवलं की प्रत्येकी २ टीबी लागतात.

हे झालं सरासरीचं गणित. दिवाळीच्या सेलमध्ये दोन दिवस पाचपट गर्दी झाली तर त्या आठवड्याचा साठा १.२ वरून २.६ टीबीवर जातो आणि २ टीबीची डिस्क सेल संपायच्या आत भरते. त्यातही तिन्ही ब्रोकरांवर तोच डेटा असल्यामुळे तिघांच्या डिस्क जवळपास एकाच वेळी भरतात. एखादं यंत्र बिघडलं तर प्रती वाचवतात, डिस्क भरली तर वाचवत नाहीत. डिस्क भरून लिहिणं फसलं की काफ्का ती डिस्क निकामी धरतं आणि ब्रोकरकडे दुसरी डिस्क नसेल तर तो स्वतःहून बंद होतो. म्हणून डिस्कचा हिशोब सरासरीवर करू नये, वर्षातल्या सर्वांत वाईट आठवड्यावर करावा. प्रोड्यूसरकडून, म्हणजे नोंदी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमकडून, नोंदी दाबून पाठवल्या तर बरीच जागा वाचते. किती ते आपल्याच डेटावर मोजून पाहावं.

आणखी एक आकडा याच कागदावर लिहून ठेवा. एका ब्रोकरची डिस्क गेली आणि नवी घातली, की १.२ टीबी दुसऱ्यांकडून पुन्हा ओढून घ्यायचे. सेकंदाला १०० एमबीचा वेग मिळाला तरी त्याला तीन तास वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ क्लस्टर दोन प्रतींवर उभा असतो. पुढचे सगळे निर्णय हे तीन तास डोळ्यांपुढे ठेवून घ्यायचे आहेत.

होकार कोणाचा

टॉपिक म्हणजे एका विषयाच्या नोंदींचा लॉग. तो पार्टिशनांमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक पार्टिशनच्या प्रतींपैकी एक लीडर आणि बाकीच्या फॉलोअर. प्रोड्यूसर फक्त लीडरकडे नोंद देतो. फॉलोअर ती लीडरकडून ओढून घेतात. लीडरच्या बरोबरीने चाललेल्या प्रतींची एक यादी काफ्का सतत ठेवत असतं. तिला आयएसआर म्हणतात. लीडर स्वतः त्या यादीत असतोच. एखादा फॉलोअर ३० सेकंदांपेक्षा जास्त मागे राहिला की त्याचं नाव यादीतून कमी होतं. त्याने पुन्हा गाठलं की नाव परत चढतं.

आता तीन सेटिंग्ज एकत्र पाहू. पहिली, रेप्लिकेशन फॅक्टर : एकूण प्रती किती. दुसरी, ॲक्स : प्रोड्यूसरला 'नोंद मिळाली' हा होकार कधी द्यायचा. तिसरी, मिन इनसिंक रेप्लिकाज : आयएसआर यादीत किमान किती प्रती असतील तरच नोंद स्वीकारायची.

समजा, प्रती तीन ठेवल्या, ॲक्सला ऑल लिहिलं आणि तिसऱ्या सेटिंगला हात लावला नाही. वाचताना वाटतं की तिन्ही प्रतींवर नोंद पोचल्यावरच होकार येईल. तसं होत नाही. ऑल म्हणजे त्या क्षणी आयएसआर यादीत असतील तेवढ्या सगळ्या. रात्री एक फॉलोअर बंद पडला, यादीत दोघे उरले. दुसऱ्याचं नेटवर्क अडखळलं, यादीत एकटा लीडर उरला. मिन इनसिंकचं डीफॉल्ट मूल्य १ आहे. लीडर एकटाच नोंदी घेत राहतो, एकटाच होकार देत राहतो. ॲप खूश, ग्राहक खूश. पहाटे लीडरची डिस्क जाते. मधल्या काळात ज्या ऑर्डरींना होकार दिला होता त्या कोणत्याच यंत्रावर नाहीत.

ही शक्यता कागदावरची नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये काइल किंग्जबरी यांनी त्यांच्या जेप्सन या चाचणीमालिकेत काफ्काच्या ०.८ बीटा आवृत्तीवर नेमका हा प्रयोग केला. फॉलोअरांना नेटवर्कवरून तोडलं, एकटा उरलेला लीडर होकार देत राहिला, मग त्यालाही बाजूला काढलं. होकार मिळालेल्या नोंदी नाहीशा झाल्या. मिन इनसिंकची सोय त्यानंतर, फेब्रुवारी २०१५ च्या ०.८.२ आवृत्तीत आली. मागे पडलेल्या प्रतीला लीडर करण्याची मुभा २०१७ च्या ०.११ आवृत्तीपासून डीफॉल्टने बंद झाली. ॲक्सचं डीफॉल्ट ऑल व्हायला २०२१ ची ३.० आवृत्ती उजाडावी लागली. डीफॉल्ट मूल्यं अशी हळूहळू सुरक्षिततेकडे सरकत आली आहेत, पण मिन इनसिंक अजून १ वरच आहे. एका लॅपटॉपवर एकाच ब्रोकरने चालायचं तर ते १ ठेवावंच लागतं.

मग योग्य आकडे कोणते? पर्याय पडताळून पाहू. प्रती तीन आणि मिन इनसिंकही तीन ठेवले तर एक ब्रोकर अपडेटसाठी बंद केला की लिहिणं थांबतं. हे रोजच्या व्यवहारात परवडत नाही. प्रती दोन, मिन इनसिंक दोन, तरी तोच प्रकार. प्रती दोन, मिन इनसिंक एक, की पुन्हा वर सांगितलेली पहाट. उरतं तीन आणि दोन. एक ब्रोकर गेला तर काम चालू राहतं. दोन गेले तर काफ्का नव्या नोंदी नाकारतं, पण ज्याला होकार दिला आहे ते उरलेल्या प्रतीवर शाबूत असतं. म्हणजे आपण ठरवलं की दोन यंत्रं बसली तर विक्री थांबलेली चालेल, घेतलेली ऑर्डर हरवलेली चालणार नाही. पैशांच्या नोंदींसाठी हाच निर्णय हवा. संकेतस्थळावरच्या क्लिक मोजायच्या असतील तर उलटा निर्णयही रास्त ठरतो. टॉपिकनिहाय तो वेगळा ठेवता येतो आणि ठेवावा.

नोंद नाकारली जाते तेव्हा प्रोड्यूसर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. डीफॉल्ट मुदत दोन मिनिटांची. त्यानंतर तो हात टेकतो आणि ॲपला चूक कळवतो. पुढे काय करायचं, नोंद डेटाबेसात बाजूला ठेवायची की ग्राहकाला 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' म्हणायचं, हे ॲप लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. ही ओळ लिहिलीच नसेल तर क्लस्टरचे आकडे कितीही चोख असोत, नोंद जाते.

तीन ब्रोकरांवर तीन प्रती ठेवल्या तर दुरुस्तीसाठी एक बंद केल्यावर हाताशी काहीच शिल्लक राहत नाही. त्या वेळी दुसरा पडला की सगळ्या पार्टिशनांवर लिहिणं थांबतं. चार ब्रोकरांवर प्रती समान पसरल्या असतील तर त्याच प्रसंगी निम्मी पार्टिशनं थांबतात, निम्मी चालू राहतात. पैसे असतील तर चौथा ब्रोकर घ्यावा.

नमुना फाइलमधली एक गोष्ट इथेच सांगायला हवी. कोणत्या कन्झ्युमरने, म्हणजे नोंदी वाचणाऱ्या प्रोग्रॅमने, कुठवर वाचलं याची नोंद काफ्का एका अंतर्गत टॉपिकमध्ये ठेवतं. त्याच्या प्रतींची संख्या काफ्काच्या डीफॉल्टप्रमाणे तीन आहे. नमुना फाइल ती एकवर आणते. फाइल तशीच उचलली तर तुमच्या टॉपिकांच्या प्रती तीन आणि वाचनखुणांची प्रत एक, असा क्लस्टर तयार होतो.

प्रती कुठे ठेवल्या

काफ्का होकार देतं त्या क्षणी नोंद डिस्कवर उतरलेली असतेच असं नाही. ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत, पेज कॅशमध्ये असते. डिस्कवर कधी लिहायचं ते डीफॉल्टने ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडलेलं असतं. काफ्काच्या वेगाचं एक कारण हेच आहे. भरवसा यंत्रांच्या संख्येवर ठेवला आहे : तीन यंत्रांच्या मेमरीत नोंद आहे आणि तिन्ही एकाच क्षणी बंद पडणार नाहीत.

या गृहीतकाला तडा जातो तो जागेच्या निवडीमुळे. तीन व्हर्च्युअल मशीन घेतली आणि तिन्ही एकाच प्रत्यक्ष सर्व्हरवर बसली, तर प्रती तीन आणि यंत्र एक. तिन्ही वेगवेगळ्या सर्व्हरवर आहेत पण वीज एकाच यूपीएसवरून येते, तर लाइट गेली आणि यूपीएसने दगा दिला की शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी तिन्हीकडून एकदमच जातात. तिघांच्या डिस्क एकाच सामायिक स्टोरेजवर असतील तर वेगळं सांगायला नको. म्हणून सर्व्हर देणाऱ्या विभागाला 'तीन सर्व्हर द्या' एवढंच सांगू नये. तीन वेगवेगळ्या रॅकमध्ये, वेगवेगळ्या वीजपुरवठ्यावर, स्वतःच्या डिस्कसह द्या, असं लेखी मागावं. ॲमेझॉनच्या क्लाउडवर काम करणाऱ्यांना मुंबई रीजनमध्ये तीन वेगळे झोन मिळतात; एकेका झोनमध्ये एकेक ब्रोकर ठेवावा.

कोणता ब्रोकर कुठे आहे हे काफ्काला आपोआप कळत नाही. ब्रोकर रॅक या सेटिंगमध्ये ते लिहावं लागतं. मग टॉपिक तयार होताना त्याच्या प्रती वेगवेगळ्या रॅकवर टाकल्या जातात. ही सोय टॉपिक तयार होतानाच लागू पडते. नंतर रॅक लिहिला तर आधीच्या प्रती जागच्या हलत नाहीत, त्या हाताने हलवाव्या लागतात. पहिला टॉपिक बनवण्याआधी ही ओळ भरलेली असली पाहिजे.

कारभार पाहणारे

कोणता ब्रोकर जिवंत आहे, कोणत्या पार्टिशनचा लीडर कोण, हे ठरवणारे नोड म्हणजे कंट्रोलर. पूर्वी हे काम झूकीपर या वेगळ्या सॉफ्टवेअरच्या आधाराने होत असे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या काफ्का ४.० मधून झूकीपर पूर्णपणे काढून टाकलं आहे. क्राफ्ट या काफ्काच्या स्वतःच्या पद्धतीने आता कंट्रोलर आपापसांत बहुमताने ठरवतात. जुना क्लस्टर झूकीपरवर चालू असेल तर थेट ४.० वर उडी मारता येत नाही, आधी ३.९ पर्यंत यायचं, तिथे क्राफ्टवर स्थलांतर करायचं, मग पुढे.

बहुमत म्हटलं की विषम संख्या आली. तीन कंट्रोलरांपैकी एक गेला तरी चालतं, पाचांपैकी दोन गेले तरी चालतं. चार ठेवून काही साधत नाही, कारण चारांतूनही एकच गमावता येतो. दोनच डेटा सेंटर असतील तर एकीकडे दोन आणि दुसरीकडे एक अशी मांडणी होते आणि दोनवालं केंद्र गेलं की बहुमतही जातं. यावर सेटिंगमध्ये उपाय नाही. तिसरी जागा शोधणं हाच उपाय. एकाच नोडला ब्रोकर आणि कंट्रोलर अशी दोन्ही कामं देता येतात, पण ती सोय चाचणीपुरती ठेवावी.

पत्ता चुकला की

नव्याने काफ्का उभारणारे सर्वाधिक अडखळतात ते इथे. प्रोड्यूसरला एखाद्या ब्रोकरचा पत्ता दिला की तो आधी तिथे जातो आणि विचारतो : माझ्या पार्टिशनचा लीडर कुठे आहे? ब्रोकर उत्तरादाखल पत्त्यांची यादी देतो. यापुढे प्रोड्यूसर त्या यादीतल्या पत्त्यांवरच जातो. ही यादी ॲडव्हर्टाइज्ड लिसनर्स या सेटिंगवरून बनते. त्यात लोकलहोस्ट लिहिलेलं राहिलं तर दुसऱ्या मशीनवरचा प्रोग्रॅम स्वतःच्याच मशीनवर काफ्का शोधू लागतो. लक्षण फसवं असतं : पहिली जोडणी होते, टॉपिकांची यादीही दिसते, पण नोंद जात नाही आणि काही वेळाने टाइमआउट येतो. फायरवॉलवाल्यांशी अर्धा दिवस वाद घालण्याआधी ही ओळ तपासावी.

डॉकरमध्ये हा घोळ हमखास होतो, कारण कंटेनरच्या आतला पत्ता वेगळा आणि बाहेरचा वेगळा. उपाय म्हणजे दोन वेगळे लिसनर : एक ब्रोकरांच्या आपसातल्या बोलण्यासाठी, एक बाहेरच्या प्रोग्रॅमांसाठी, दोघांचे पोर्ट आणि जाहीर पत्ते वेगवेगळे. बाहेरच्या लिसनरवर टीएलएस आणि ओळख तपासणी पहिल्या दिवसापासून लावावी. शंभर ॲप जोडली गेल्यावर ती लावणं म्हणजे शंभर टीमच्या वेळा जुळवणं.

पार्टिशन किती

नोंदींचा क्रम फक्त एका पार्टिशनपुरता पाळला जातो. एका ऑर्डरच्या सगळ्या घडामोडी क्रमाने हव्या असतील तर ऑर्डर क्रमांक हा नोंदीची की म्हणून द्यायचा. काफ्का त्यावरून पार्टिशन ठरवतं आणि त्या ऑर्डरच्या नोंदी नेहमी तिथेच जातात. कन्झ्युमरांच्या एका गटात पार्टिशनांपेक्षा जास्त सभासद ठेवून उपयोग नसतो. जास्तीचे रिकामे बसतात.

पार्टिशन वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. आणि वाढवली की कीवरून पार्टिशन ठरवण्याचं गणितच बदलतं : कालपर्यंत चौथ्या पार्टिशनमध्ये जाणारी ऑर्डर आज अकराव्यात जाऊ शकते आणि तिच्या जुन्या-नव्या नोंदींचा क्रम तुटतो. म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांचा अंदाज बांधून आकडा ठरवावा. आपल्या उदाहरणाला १२ पुरेत. २, ३, ४ आणि ६ कन्झ्युमरांत तो समान वाटला जातो. उगाच ५०० करू नयेत. प्रत्येक पार्टिशनच्या उघड्या फाइली असतात आणि प्रत्येकाचा लीडर ठरवण्याचं काम कंट्रोलरवर पडतं.

टॉपिक आपोआप तयार होण्याची सोय डीफॉल्टने चालू असते. ती बंद करावी. नाहीतर कोणी टॉपिकच्या नावात एक अक्षर चुकवलं तर त्या चुकलेल्या नावाचा, डीफॉल्ट आकड्यांचा टॉपिक गुपचूप जन्माला येतो आणि नोंदी तिकडे जात राहतात.

सात दिवस म्हणजे किती दिवस

काफ्का जुन्या नोंदी एकेक करून पुसत नाही. पार्टिशन डिस्कवर सेगमेंट नावाच्या फाइलींत साठवलेलं असतं. एक सेगमेंट १ जीबीचा झाला किंवा सात दिवस उलटले की तो बंद होतो आणि नवा सुरू होतो. पुसायचं ते अख्खा सेगमेंट, तेही त्यातल्या सर्वांत ताज्या नोंदीची मुदत संपल्यावर. परिणाम पाहा : एका टॉपिकची मुदत तुम्ही एक दिवस ठेवली, पण त्यात नोंदी थोड्या थोड्या आणि रोज येतात. सेगमेंट भरत नाही, सात दिवस उघडाच राहतो, आणि पहिल्या दिवसाची नोंद आठव्या दिवसापर्यंत डिस्कवर असते. तिच्यात ग्राहकाचा फोन नंबर असेल आणि 'आम्ही एका दिवसात माहिती पुसतो' असं कंपनीने लिहून दिलं असेल तर ते विधान खोटं ठरतं. मुदत कमी केली की सेगमेंट बंद करण्याचा काळही कमी करावा लागतो. आकाराची मर्यादा लावताना लक्षात ठेवायचं की ती प्रत्येक पार्टिशनला लागू होते. १२ पार्टिशनांच्या टॉपिकला ५० जीबी लिहिलं तर एकूण ६०० जीबी होतात, आणि प्रती धरल्या तर १,८०० जीबी.

उलट बाजूही आहे. सायबर सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवणं बंधनकारक आहे. हे लॉग काफ्कामधून वाहत असतील तर मुदत १८० दिवस करून टाकावी, हा मोह होतो. आपल्या उदाहरणाच्या वेगाने त्याचे ३१ टीबी होतात, तीन प्रतींचे ९३ टीबी, तेही वेगवान आणि महागड्या डिस्कवर. एवढ्या काळासाठी नोंदी स्वस्त ऑब्जेक्ट स्टोरेजवर उतरवाव्यात. काफ्काची टिअर्ड स्टोरेज ही सोय जुने सेगमेंट तिकडे आपणहून हलवते. नोव्हेंबर २०२४ च्या ३.९ आवृत्तीत ती प्रॉडक्शनयोग्य म्हणून जाहीर झाली.

आणि प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून टॉपिक डिलीट केला तर तिन्ही प्रती आज्ञाधारकपणे डिलीट होतात.

यंत्राच्या सेटिंग्ज, थोडक्यात

३२ जीबी मेमरीच्या मशीनवर काफ्काच्या जावा प्रक्रियेला ६ जीबी पुरतात. उरलेली मेमरी मोकळी दिसली तरी तिला हात लावू नये; पेज कॅश तिथेच राहतो आणि ताज्या नोंदी वाचणाऱ्यांना डिस्कपर्यंत जाऊच देत नाही. उघड्या फाइलींची मर्यादा लाखापर्यंत वाढवावी. फाइल सिस्टिम एक्सएफएस ठेवावी. डेटा नेटवर्क ड्राइव्हवर ठेवू नये.

लोकांपुढे नेण्याआधी

क्लस्टर चालू झाला म्हणजे उभा राहिला असं नाही. आधी रीस्टार्टची शिस्त घालून द्यावी : एका वेळी एकच ब्रोकर बंद करायचा, परत आला की 'अंडर रेप्लिकेटेड पार्टिशन' हा आकडा शून्यावर येईपर्यंत थांबायचं, मगच पुढचा. नीट बंद होताना ब्रोकर आपलं लीडरपद दुसऱ्यांकडे सोपवतो. त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. सिस्टिमडी डीफॉल्टने ९० सेकंद थांबतं, कुबरनेटिस ३०. त्यानंतर प्रक्रिया जबरदस्तीने मारली जाते. मोठ्या क्लस्टरला हे कमी पडतं, तेव्हा ही मुदत वाढवून ठेवावी.

मग मुद्दाम बिघाड घडवावा, आणि तोही दिवसाढवळ्या, सगळी टीम जागेवर असताना. क्रमांक घातलेल्या लाखभर नोंदी पाठवत राहायचं आणि त्याच वेळी एका ब्रोकरची प्रक्रिया मारायची. होकार मिळालेले क्रमांक आणि कन्झ्युमरला मिळालेले क्रमांक ताडून पाहायचे. एखादी नोंद दोनदा आलेली चालेल, होकार मिळालेली एकही गहाळ झालेली चालणार नाही. मग दोन ब्रोकर एकदम मारायचे आणि नोंदी खरंच नाकारल्या जातात का, ॲप तेव्हा काय करतं, हे पाहायचं. नंतर एकाचं नेटवर्क तोडायचं, एकाची डिस्क फालतू फाइलींनी भरायची. शेवटी कंट्रोलर.

लक्ष ठेवायचे आकडे शंभर असले तरी रात्री झोपेतून उठवावं असे पाचच : लीडर नसलेली पार्टिशनं, प्रती मागे पडलेली पार्टिशनं, सक्रिय कंट्रोलरांची संख्या (ती एकच असली पाहिजे), डिस्क किती भरली, आणि कन्झ्युमर किती मागे आहे. बाकीचे सकाळी चहा घेताना पाहिले तरी चालतात.

कन्झ्युमर मागे का पडतो आणि तीच नोंद दोनदा वाचली गेली तर काय करायचं, हे पुढच्या भागात पाहू. तोवर ज्यांच्याकडे काफ्का आधीच चालू आहे त्यांना एक विनंती. आपल्या सर्वांत महत्त्वाच्या टॉपिकचं वर्णन काढा आणि दोन आकडे बघा : रेप्लिकेशन फॅक्टर आणि मिन इनसिंक रेप्लिकाज. तीन आणि दोन दिसले तर उत्तम. तीन आणि एक दिसले तर मिन इनसिंक आजच बदला; त्याला रीस्टार्ट लागत नाही. फक्त बदलण्याआधी आयएसआर यादीत किमान दोन नावं आहेत याची खात्री करा.